मागून चालणाऱ्या बाईसाहेब

आमच्या बाईसाहेब लग्न होऊन एडिंबराच्या उत्तरेला डोंगरांत, स्ट्रॅथोर्नला आल्या तेव्हा मी त्या घरात नुकतीच इस्त्रीच्या कामाला लागले होते. गाडी दारात थांबली. लॉर्डसाहेब उतरून, वळसा घालून त्यांचं दार उघडायला येईपर्यंत त्या आपल्या आपणच खाली उतरल्या आणि पायऱ्यांवर रांगेत उभ्या असलेल्या आम्हा नोकरमाणसांशी एकेक करून हात मिळवायला लागल्या.

"मी लिंडी. तुझं नाव काय?"

शेजारी मिसेस मकॉर्कल उभी होती, आमची स्वयंपाकीण. तिने कोपर मारलं. "सांग की गं! जीभ गिळलीस का?"

"एल्स्पेथ. एल्स्पेथ गेडिस, बाईसाहेब."

"एल्स्पेथ! मला हे नीट म्हणता येईपर्यंत वर्ष जाईल बघ," असं म्हणून त्या हसल्या. मान मागे टाकून, मोठ्यांदा. समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनीसुद्धा ते ऐकलं असेल.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. "दात पाहिलेत का? सगळेच्या सगळे जागेवर आहेत," मिसेस मकॉर्कल म्हणाली. आमचा बटलर टॉश चांदीचे चमचे पुसत होता. तो म्हणाला, "पाहुणी आहे. हिवाळा लागू दे, बोट पकडून परत जाते की नाही बघा."

हिवाळा लागला. त्या गेल्या नाहीत.

त्यांचं पूर्ण नाव लुसिंडा थेअर. अमेरिकेच्या वरच्या टोकाला, समुद्रकाठी पोर्ट हेल्सी नावाचं गाव आहे, तिथल्या. वडिलांचा लाकडी बोटी बांधायचा कारखाना. पैसा बक्कळ, पण मुलगी लहानपणी कोळ्यांच्या पोरांबरोबर होडीत बसून शेवंडं धरायला जायची. लंडनला चित्रकला शिकायला म्हणून आली आणि कुणाच्या तरी घरी नाचाच्या वेळी रॅनल्डसाहेबांच्या पायावर तिचा पाय पडला. आमच्या साहेबांचं लग्न त्या पायामुळे झालं, असं ते स्वतःच सांगत.

पहिली सात-आठ वर्षं त्या घरात जी मजा होती ती पुन्हा कधी आली नाही. बाईसाहेब पुरुषी पँट घालून डोंगर चढायच्या. आम्ही ओटची लापशी मीठ घालून खातो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर काकवीसारखा कसलासा पाक ओतला. साहेबांनी चमचा खाली ठेवला. "लिंडी, पाद्रीबाबांना कळलं तर चर्चमध्ये घेणार नाहीत."

"मग आपण घरीच प्रार्थना करू. पाक संपेपर्यंत."

ड्युगल्ड झाला, मागून ग्रिझेल झाली. मी इस्त्रीवरून मुलांकडे आले आणि मुलांकडून बाईसाहेबांच्या कपड्यालत्त्याकडे.

मग एका शरद ऋतूत प्रिन्सेस अडेला आमच्याकडे पक्ष्यांच्या शिकारीला म्हणून चार दिवस राहायला आल्या. राजघराण्यातल्या, लग्न न केलेल्या, पाठ अशी ताठ की ती कधी खुर्चीला टेकली नाही. सगळे त्यांना मॅम म्हणत. त्यांच्यासमोर माणसं घरून ठरवून आणलेली वाक्यं बोलत, आणि मॅम ती ऐकून घेत. त्यात पाऊस लागला. शिकार बंद. चहाच्या वेळी मॅम खिडकीकडे बघून म्हणाल्या, "फारच कंटाळवाणा पाऊस आहे."

"फारच, मॅम," दिवाणखान्यातले सगळे म्हणाले.

मी दाराशी शाल घेऊन उभी होते. बाईसाहेबांनी कप खाली ठेवला. "मॅम, मला तर बाहेर जावंसं वाटतंय. तुम्ही जाड बूट आणलेत का?"

मॅमनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आणलेत."

दोघी धबधब्यापर्यंत जाऊन आल्या. परतल्या तेव्हा नखशिखांत भिजलेल्या, मॅमच्या टोपीतून गालावर पाणी ओघळत होतं, आणि त्या हसत होत्या. त्यांच्याबरोबर आलेल्या नोकराणीने मला नंतर सांगितलं की तिने मॅमना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नाताळ उलटल्यावर बोलावणं आलं. मॅमना आपल्या सोबतीला एक नवीन लेडी-इन-वेटिंग हवी होती.

साहेब शेकोटीपुढे कुत्र्याच्या पायातले काटे काढत होते. "म्हणजे तिकडे तू उभी राहून वाट बघायची आणि इकडे मी बसून."

"पंधरवडाच तर असतो, रॅनल्ड. वर्षातून तीनदा."

"आणि पगार?"

"पगार नसतो. मान असतो."

"उत्तम. कोळसेवाला आला की त्याला थोडा मान देऊ."

पण त्यांनाही मनातून अभिमान वाटला होता. आम्हा सगळ्यांनाच वाटला होता. बाईसाहेब मला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर. तिथे मला ओळखणारं एक तरी माणूस हवं."

लंडनला मॅमचा सगळा कारभार मेजर पेनरडॉक बघत. बारीक मिशा, बोलताना ओठ हलतायत की नाही ते कळायचं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी बाईसाहेबांना समोर बसवून समज दिली. "लेडी स्ट्रॅथोर्न, तुमच्या हातात कायम दोन गोष्टी असतील. मॅमचे जास्तीचे हातमोजे आणि लोकांनी दिलेली फुलं. तोंडात काही नसेल."

बाईसाहेब हसल्या. मेजर हसले नाहीत.

"तेही जरा बघावं लागेल," ते म्हणाले. "छान आहे तुमचं हसणं. पण ते पुढे चालणाऱ्या माणसाला ऐकू जातं."

त्या शिकल्या. कुठलीही गोष्ट अर्धवट करायचा त्यांचा स्वभावच नव्हता. मॅम अंगठी फिरवायला लागल्या की आता निघायचं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळे. कुठल्या नगरपालिकेत शौचालय कुठे आहे, कुठल्या पायरीला कड तुटली आहे, कुठल्या महापौरांच्या बायकोशी मॅम बोलायच्या राहिल्या आणि ती कोपऱ्यात डोळे पुसतेय, हे सगळं त्यांच्या ध्यानात असे. त्या बाईपाशी जाऊन त्या दोन मिनिटं अशा बोलत की ती आयुष्यभर सांगत राहील. त्यांच्या पर्समध्ये सुईदोरा, पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, मॅमचे जास्तीचे मोजे. त्यांचं स्वतःचं म्हणाल तर फक्त एक रुमाल. जेवणावळीत मॅमनी काटा खाली ठेवला की सगळ्यांच्याच ताटल्या उचलल्या जात, आणि मॅम भराभर जेवत. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईसाहेबांच्या ताटलीत नुकतंच वाढलेलं असे. मी खोलीत चीज आणि ओटची बिस्किटं झाकून ठेवायची. परत आल्या की पलंगाच्या कडेवर बसून, दागिने अंगावर तसेच, त्या ती खायच्या.

हळूहळू त्यांचं बोलणं बदललं. अमेरिकी 'र' आधी गोल झाला, मग गेलाच. हसणं गालापर्यंत यायचं आणि थांबायचं. एकदा त्यांनी आईला फोन लावला होता, मी कपाट आवरत होते. "आई, मी बोलतेय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. मग पुन्हा, "अगं, मी. लिंडी."

आणि एक सांगते. ते पावसातलं फिरणं पुन्हा कधी झालं नाही. मॅमना त्या आवडल्या त्या इतरांसारख्या नव्हत्या म्हणून, आणि आल्यावर त्यांना इतरांसारखं करायच्या मागे सगळे लागले. मॅम वाईट नव्हत्या. वाढदिवसाला न चुकता चांदीची एखादी डबी द्यायच्या. पण तिथला नियम असा की विषय मॅमनीच काढायचा, आणि मॅमनी कधी बाईसाहेबांचा विषय काढला नाही.

तीन पंधरवड्यांचे सहा झाले. एका लेडीचं लग्न ठरलं, दुसरीला दम्याने घेरलं, आणि मेजर म्हणत, "लेडी स्ट्रॅथोर्न नाही म्हणायच्या नाहीत." त्या नाही म्हणाल्या नाहीत.

एका नोव्हेंबरात आम्ही ठरल्यापेक्षा आधी घरी आलो. स्टेशनवर कुणाला बोलावलं नव्हतं. भाड्याच्या गाडीने आलो. जेवणघरातून हसण्याचा गलका ऐकू येत होता. साहेब, आमचे पाद्रीबाबा, शेजारच्या खोऱ्यातला जनावरांचा डॉक्टर आणि त्याची बायको पत्ते खेळत होते. कुणीतरी लबाडी केली होती आणि साहेब टेबलावर मूठ आपटत ओरडत होते, "चोर! चर्चचा माणूस आणि चोर!" बाईसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी दार ढकललं.

आणि सगळे उभे राहिले. पाद्रीबाबांनी पत्ते पालथे ठेवले, डॉक्टरच्या बायकोने घाईघाईने पायात बूट घातले. "लेडी स्ट्रॅथोर्न, कसा झाला प्रवास? मॅमची प्रकृती बरी ना?"

"बसा ना, खेळा," बाईसाहेब म्हणाल्या. "मलाही वाटा पत्ते."

वाटले. पण डाव काही रंगला नाही. थोड्या वेळाने एकेकाला उद्याची कामं आठवली. मी त्यांचे कपडे काढून ठेवत होते तेव्हा त्या आरशात बघत म्हणाल्या, "मी आत गेले तेव्हा ते माझ्यासाठी उभे राहिले नाहीत गं, एल्स्पेथ. मॅमसाठी राहिले."

मी केसांतल्या पिना काढत राहिले.

मुलं मोठी झाली ती बोर्डिंगच्या शाळांत. ड्युगल्ड शांत, बापावर गेलेला. ग्रिझेलच्या अंगात मात्र आईची जुनी आग होती. ती लंडनला नोकरीला लागली तेव्हा एकदा सुट्टीत न्याहारीच्या टेबलावर म्हणाली, "आई, तुला भेटायचं तर मला मेजर पेनरडॉकला फोन करावा लागतो. तो म्हणतो, मंगळवारी चार ते साडेचार."

"हो, मंगळवारी मी मोकळी असते खरी," बाईसाहेब मनापासून म्हणाल्या.

ग्रिझेल बापाकडे बघायला लागली. साहेबांनी वर्तमानपत्र वर धरलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात अमेरिकेचा दौरा ठरला. महायुद्धात पोर्ट हेल्सीजवळच्या खडकांवर आपलं एक जहाज फुटलं होतं आणि गावकऱ्यांनी होड्या घालून खलाशी वाचवले होते. त्याच्या स्मारकाचं उद्घाटन मॅमच्या हस्ते. बाईसाहेबांना दुपारची सुट्टी कबूल झाली होती. आईचं घर स्मारकापासून वरच्या टेकडीवर, चालत जाता येईल इतकं जवळ. जायच्या आधी महिनाभर त्या माझ्याशी त्या घराबद्दल बोलत होत्या. स्वयंपाकघराची फरशी निळी आहे, जिना करकरतो, असलं काहीबाही. आई एकटीच राहायची.

त्या दिवशी समुद्रावर धुकं आलं. आमचं विमान अडलं, सगळा कार्यक्रम पुढे सरकला. मेजर येऊन म्हणाले, "दुपार रद्द करावी लागतेय. स्मारक झालं की तडक परत."

"अर्थातच," बाईसाहेब म्हणाल्या.

मी त्यांच्या कोटाची कॉलर नीट करत होते. "बाईसाहेब, मॅमना सांगा ना. त्या काही नाही म्हणायच्या नाहीत."

"विषय मी काढायचा नसतो, एल्स्पेथ."

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. दोरखंड बांधून वाट केलेली. त्या दोरामागे, पहिल्या रांगेत, एक ठेंगणी म्हातारी उभी होती. पिवळा रेनकोट, पायात पुरुषांचे रबरी बूट, हातात लायलॅकच्या फुलांचा हा एवढा जुडगा. गावातला कुणी अधिकारी तिला विनवत होता. "मिसेस थेअर, तुमच्यासाठी मंचावर खुर्ची ठेवलीय हो. चला ना."

"माझी मुलगी इथून जायची आहे," म्हातारी म्हणाली. "खुर्चीवरून माझा हात पोचायचा नाही."

मी मागच्या गाडीपाशी होते, दहा-बारा पावलांवर. मॅम पुढून आल्या, एका बाजूला हात मिळवत, दुसऱ्या बाजूला मान लववत; त्या म्हातारीच्या बाजूला त्यांची नजर नव्हती. त्यांच्या मागे बाईसाहेब, लोकांनी पुढे केलेली फुलं गोळा करत. दोन्ही हात भरले होते. आईसमोर येऊन त्या थांबल्या.

"लिंडी! किती वाळलीस गं. खायला घालतात की नाही तुला?"

"आई."

"हे घे. विहिरीजवळच्या झाडाची आहेत. तुझ्यासाठी, बरं का. तिला देऊ नकोस."

बाईसाहेबांनी फुलं घेतली. पुढून मेजरनी वळून पाहिलं. मॅम पुढे गेल्या होत्या आणि मध्ये अंतर पडलं होतं. बाईसाहेबांनी मान थोडी झुकवली आणि त्या म्हणाल्या, "आल्याबद्दल मनापासून आभार."

तेच वाक्य. तो दौरा सुरू झाल्यापासून हजारो लोकांना म्हटलेलं, त्याच सुरात, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. म्हातारीने मुलीकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिच्या हातमोज्यावर थोपटलं. "तुमचेही आभार, बाई," ती म्हणाली.

आपण काय बोललो ते बाईसाहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. पण मॅम मंचाच्या पायऱ्या चढत होत्या आणि हातमोजे बाईसाहेबांकडे होते.

दौऱ्यात आलेली फुलं त्या त्या गावच्या इस्पितळाला जायची, असा रिवाज होता. लायलॅक बाजूला काढून ठेवावा म्हणून मी धावत गेले, तर इस्पितळाची गाडी निघून गेली होती.

आई त्याच हिवाळ्यात गेली. बाईसाहेब अंत्यविधीला जाऊन आल्या. मी विचारलं, कसं झालं सगळं? त्या कोट काढत म्हणाल्या, "सगळे माझ्या लंडनी बोलण्याचं कौतुक करत होते. शाळेतली मैत्रीण होती एक, ती मला लेडी स्ट्रॅथोर्न म्हणाली." घर विकलं गेलं. त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत.

साहेब गेले ते मासे धरता धरता. नदीकाठच्या दगडावर टेकून बसले आणि उठलेच नाहीत. कुत्र्याने भुंकून माणसं बोलावली. योगायोगाने बाईसाहेब त्या आठवड्यात घरी होत्या. त्या नदीपर्यंत पळत गेल्या, घरातल्या सपाता घालून. इतकी वर्षं मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं.

अंत्यविधीला खुद्द मॅम आल्या. फार मोठा मान होता तो. लंडनहून एवढ्या लांब, त्या वयात. आमच्या छोट्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर त्यांना जागा दिली. प्रार्थना झाली, शवपेटी उचलली, सगळे उठले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मॅम दाराकडे चालायला लागल्या आणि बाईसाहेब, नवऱ्याची पेटी समोर जात असताना, सवयीने मॅमच्या मागे एक पाऊल सोडून चालायला लागल्या. दाराशी त्यांनी कुणाच्या तरी हातातली छत्री घेऊन उघडली आणि मॅमच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत उभ्या राहिल्या.

ग्रिझेल माझ्या बाजूला होती. ती पुढे झाली, तिने आईचा दंड धरला आणि दबक्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई! आज तरी पुढे चाल. बाबा आहेत ते."

बाईसाहेब गोंधळून तिच्याकडे बघायला लागल्या. छत्री कुणाला द्यावी ते त्यांना समजेना. शेवटी मीच ती घेतली. तोवर पेटी कबरस्तानाच्या फाटकातून आत गेली होती. त्या तिच्यामागे गेल्या, पण मधे गावकऱ्यांची रांग होती आणि कुणाला ओलांडून पुढे जाणं त्यांना जमलं नाही.

त्यानंतर ग्रिझेल बरीच वर्षं फारशी आली नाही. एडिंबराला राहायची, नाताळला फोन करायची.

मला वाटलं होतं, आता त्या नोकरी सोडतील. सोडून जायचं कुठे? ड्युगल्डचं लग्न झालं होतं, मोठं घर त्याच्या बायकोच्या हाती आलं होतं. चांगली मुलगी, सासूबाई आल्या की पाहुण्यांची सर्वांत चांगली खोली उघडून द्यायची. बाईसाहेब लंडनलाच राहिल्या, मॅमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. मी शेजारच्या खोलीत.

मग मॅमचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वर्षं गेली. बाहेरचे कार्यक्रम बंद झाले. मेजर कधीच निवृत्त झाले होते, बाकीच्या लेडी अधूनमधून येऊन जायच्या. रोज दुपारी मॅमना बागेकडच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं आणि समोर बाईसाहेब बसायच्या. दोघीही म्हाताऱ्या. विषय मॅमनी काढायचा, आणि मॅमना विषय सुचायचा नाही. तास न् तास नुसतं घड्याळ वाजायचं.

एका दुपारी मॅमनी बाईसाहेबांकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू कुठली गं?"

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅमच्या पायांवर शाल घालत होते, तिथेच थांबले.

"मी... पोर्ट हेल्सीची, मॅम. अमेरिकेतली."

"अमेरिका! केवढं लांब. मग इकडे कशी आलीस?"

"चित्रं काढायला शिकायचं होतं, मॅम."

"आलं का काढता?"

"नाही, मॅम. लग्न झालं."

"हं," मॅम म्हणाल्या. "आणि तिकडे घरी कोण असतं?"

बाईसाहेब सांगायला लागल्या. सुरुवातीला चाचरत, खाली बघत. मग बोटींच्या कारखान्यात लाकडाच्या भुशाचा वास कसा असायचा ते सांगितलं, वडील रंधा मारताना शीळ घालायचे ते सांगितलं. मॅम ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी मॅम सगळं विसरल्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "तू कुठली गं?" आणि बाईसाहेबांनी पुन्हा सांगितलं, पण वेगळंच काहीतरी, खाडीवरचा बर्फ मार्च महिन्यात फुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, ते. तिसऱ्या दिवशी शेवंडांचे पिंजरे. असं रोज चाललं. जेवण झालं की बाईसाहेब माझ्याआधी जिना उतरून खाली जायला लागल्या. त्यांचा जुना 'र' परत आला. एकदा तर मान मागे टाकून हसल्या, आणि मॅमही हसल्या, कशाला ते ठाऊक नसताना.

एके दिवशी त्यांनी लायलॅकचं सांगितलं. धुकं, दोरखंड, पिवळा रेनकोट, सगळं. फक्त राजकन्या कोण होती ते सांगितलं नाही.

"मग?" मॅमनी विचारलं. "आईला काय म्हणालीस?"

"आल्याबद्दल मनापासून आभार, असं म्हणाले."

मॅमनी कप खाली ठेवला. मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "आईला? असं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"आठवत नाही, मॅम," बाईसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी मॅमचा चहा निवला का ते पाहिलं.

वर्ष-दीड वर्ष हे चाललं. मग मॅम बोलायच्याच बंद झाल्या आणि वसंतात गेल्या. राजघराण्याच्या अंत्यविधीत कुणी कुठे बसायचं हे फार आधी ठरलेलं असतं. बाईसाहेबांची जागा खांबामागे होती, तिथून काही दिसत नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही. नंतर एका पेटीत हिऱ्यांची पिन आली, मॅमच्या आद्याक्षरांची. दोन खोल्या महिन्याभरात रिकाम्या करायच्या होत्या.

आम्ही स्ट्रॅथोर्नला परत आलो. फाटकाशी एक छोटं घर आहे, पूर्वी तिथे माळी राहायचा. मोठ्या घरात त्यांना करमेना. त्यांनी ते मागून घेतलं. ड्युगल्डसाहेबांनी रंग लावून दिला. वर दोन खोल्या, खाली बैठक आणि स्वयंपाकघर. मी बैठकीत त्यांचं टेबल मांडायची आणि स्वतः आत, चुलीपाशी जेवायची. अशीच सवय होती.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस त्या आपली सूपची वाटी हातात घेऊन आत आल्या. "तिकडे गारठा आहे," म्हणाल्या आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. मी उठून उभी राहिले.

"बस ना, एल्स्पेथ."

"मी नंतर खाते, बाईसाहेब. तुमचं होऊ दे."

त्यांनी चमचा उचलला नाही. सूपवरची वाफ कमी होत गेली. जवाचं सूप निवलं की त्याची खळ होते, ते मला बघवेना. मी बसले. मग त्यांनी खायला सुरुवात केली.

त्यानंतर आम्ही रोज आतच जेवायला लागलो. बोलणं फारसं व्हायचं नाही. हवा, कोळसा, फाटकावरून कुणाची गाडी गेली. त्या आपली वाटी स्वतः विसळायच्या; मी पहिल्यांदा हिसकावून घेतली, मग सोडून दिली. कधी मी काहीतरी सांगायला जायची आणि मधेच थांबायची, कारण इतकी वर्षं मला कुणी विचारलेलं नव्हतं. त्याही थांबायच्या, कारण विषय काढणं त्यांना अजून जमत नव्हतं. दोन म्हाताऱ्या बायका, समोरासमोर, रेडिओ लावून.

त्या तिसऱ्या हिवाळ्यात गेल्या, न्यूमोनिया होऊन, डंडीच्या इस्पितळात. राजवाड्यावरून एक तरुण अधिकारी आला होता. फार चांगला वागला, पण त्याने त्यांना पाहिलेलं नव्हतं. चर्च अर्धं रिकामं होतं. त्यांचं अर्धं आयुष्य ज्यांच्यात गेलं ती माणसं आधीच मेली होती आणि गावाला त्या लांबूनच ठाऊक होत्या. साहेबांच्या शेजारी त्यांना ठेवलं. ग्रिझेल पेटीच्या अगदी मागे चालत होती. रडली नाही. परत निघताना ती माझ्या स्वयंपाकघरात आली, टेबलावर हात ठेवून थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "तुला कधी कंटाळा आला नाही का गं, एल्स्पेथ?"

"कशाचा?"

"काही नाही," ती म्हणाली.

मी अजून फाटकावरच्या घरात आहे. ड्युगल्डसाहेबांनी राहू दिलंय. बाईसाहेब इथे राहायला आल्यापासून ग्रिझेल दर रविवारी फोन करायची. तो फोन अजून येतो. काय बोलायचं ते आम्हा दोघींनाही सुचत नाही. मग ती मला एडिंबराची हवा सांगते आणि मी तिला इकडची.